तात्यांची मोटार

आमच्या घराण्यातली सगळ्यात जुनी थाप अशी, की तात्यांची नवी मोटार बघायला खुद्द शाहू महाराज भर रस्त्यात थांबले होते. सांगणारा बदलला की तपशील बदलायचा. कधी महाराज बग्गीतून खाली उतरायचे, कधी नुसती मान वळवायचे. एका चुलत्यांच्या तोंडी तर त्यांनी स्वतः भोंगा वाजवून बघितला होता. पुरावा मागितला की भिंतीकडं बोट जायचं. भिंतीवर फोटो होता आणि फोटोत मोटार होती. महाराज नव्हते, पण ते काय, फोटोवाला येईपर्यंत निघून गेले असतील.

तात्या म्हणजे माझे पणजोबा. कोल्हापूरच्या शाहूपुरीत गुळाची अडत. फोटोत ते बॉनेटपाशी उभे आहेत. बंद गळ्याचा कोट, डोक्याला रुमाल, एक हात मडगार्डवर, आणि गूळ अजून पारखायचा राहिलाय अशी मुद्रा. रेडिएटरला झेंडूचा जाडजूड हार आहे, म्हणजे दसरा असणार. बंपरपुढं कुणाचं तरी लहान पोर बसलंय. फोटो निघताना ते हललं, त्यामुळं त्याच्या तोंडाचा पांढरा डाग झालाय. नंबरची पाटी नेमकी त्याच्या मागं. फूटबोर्डावर टोपी घातलेला पंधरा-सोळा वर्षांचा एक पोऱ्या, आणि त्याच्या शेजारी, पुढच्या दाराला टेकून, नऊवारी नेसलेली बाई. डोक्यावरून पदर, नाकात नथ, गालावर तीळ. एका हातानं तिनं त्या पोऱ्याच्या कोटाची बाही धरली आहे.

ती बाई म्हणजे थोरली. तात्यांची पहिली बायको, माझ्या आजोबांची, अण्णांची, आई. १९१८ च्या मानमोडीत ती गेली. इन्फ्लुएंझाच्या त्या साथीला आपल्याकडं लोकांनी दिलेलं हे नाव. शेजारच्या मुंबई इलाख्यात दहा लाखांवर माणसं तिनं नेली, आणि त्यातली बहुतेक पावसाळा सरता सरता, काही आठवड्यांत. अण्णा तेव्हा दोन वर्षांचे होते. वर्षाच्या आत तात्यांनी थोरलीच्याच धाकट्या बहिणीशी लग्न केलं, पोराला परकी आई नको म्हणून. अण्णा तिला जन्मभर मावशीच म्हणाले. पुढं घरातली सगळी पोरं तिला मावशीआजी म्हणायची.

दोघी बहिणींच्या गालावर तीळ होता म्हणे. थोरलीच्या उजव्या आणि धाकटीच्या डाव्या. ‘देवानं एकेक गाल वाटून दिला,’ असं आत्या अजून सांगते. थोरलीचा उजवा आम्ही फोटोत बघितला होता. मावशीआजीचा डावा आत्यानं प्रत्यक्ष बघितलेला, कारण मावशीआजी गेली तेव्हा आत्या चौदा वर्षांची होती.

दर अविधवा नवमीला अण्णा या फोटोला फूल वाहायचे. नवऱ्याच्या आधी, सौभाग्यानं गेलेल्या बाईची तिथी ती. मी शाळेत असताना पाहिलेलं आहे. खुर्ची ओढायचे, तिच्यावर चढायचे, धोतराच्या सोग्यानं काच पुसायचे, आणि फूल चौकटीच्या वरच्या कोपऱ्यात खोचून उतरायचे. एक शब्द बोलायचे नाहीत. १९९१ साली ते गेले. तेव्हापासून फूल आत्या वाहते, फक्त खुर्चीवर दुसऱ्या कुणाला तरी चढवते.

आता जुनं घर पाडायचं ठरलं आणि भिंतीवरचं सगळं खाली आलं. फोटो स्कॅन करून भावंडांना पाठवायचं काम माझ्याकडं, मी रिटायर झालोय म्हणून. घरच्या ग्रुपवर टाकताना खाली लिहिलं, ‘तात्या, थोरली आणि त्यांची फोर्ड, अंदाजे १९१७.’ सगळ्यांनी हात जोडले. एकट्या पुतण्यानं, जो चाकणला गाड्यांच्याच कारखान्यात आहे, लिहिलं, ‘काका, ही १९१७ ची वाटत नाही.’

मला राग आला हे कबूल करतो. पुतण्या इलेक्ट्रिक गाड्यांच्या वायरिंगमधला. त्याला फोर्डमधलं काय कळतं? त्याला खोटं पाडायचं म्हणून मी वाचायला बसलो.

१९१७ ची फोर्ड म्हणजे मॉडेल टी. १९०८ ते १९२७ या काळात तिचे दीड कोटी नग निघाले, आणि एवढी वर्षं एकच गाडी काढली तरी तिचं वय ओळखता येतं, हे मला या निमित्तानं कळलं. सुरुवातीच्या टीचं नाक पितळी. १९१७ च्या मॉडेलपासून पितळ गेलं आणि काळं पत्र्याचं कवच आलं. दिवे आधी कार्बाइडच्या गॅसवर जळायचे, ते १९१५ च्या सुमारास विजेचे झाले. चाकं लाकडी आऱ्यांची, बैलगाडीच्या चाकाच्या नाजूक धाकट्या भावासारखी, प्रत्येकाला बारा आरे. म्हणजे फोटोतल्या गाडीचे आरे मोजले की निकाल लागला.

मोजायला गेलो तर आरे लाकडाचे नव्हतेच. तारेचे होते. इतकी वर्षं मी त्या चाकांकडं बघत होतो आणि ती सायकलसारखी आहेत हे मला दिसलेलं नव्हतं. माझी नजर तात्यांच्या मुद्रेवर किंवा बाईच्या नथीवर जायची. गाडी म्हणजे मागचा पडदा.

तरी मी हटलो नाही. १९२६-२७ च्या शेवटच्या टी गाड्यांना मागितली तर तारेची चाकं मिळायची, असं एका ठिकाणी वाचलं. ते लक्षात आल्यावर मग दुसरंही लक्षात आलं, की मी १९१७ वरून गुपचूप १९२६ वर आलोय. आणि १९२६ साली थोरलीला जाऊन आठ वर्षं झाली होती. शाहू महाराजांनाही जाऊन चार.

आपली वाचनाची हद्द संपली की माणूस शोधावा. कोल्हापुरात तो शोधायला लांब जावं लागत नाही. उद्यमनगरात दहा दारं विचारली की अकराव्या दारात हवा तो मिस्त्री निघतोच. मला सापडले ते अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. दसऱ्याला छत्रपतींची मेबॅक बाहेर पडते तेव्हा गर्दी महाराजांकडं बघते, हे मात्र तिच्या चाकांकडं बघत उभे असतात. मी दुप्पट मोठी प्रिंट काढून नेली होती. त्यांनी चष्मा कपाळावर ढकलला, फोटो डोळ्यापासून चार बोटांवर धरला आणि कुठल्याही माणसाच्या तोंडाकडं न बघता म्हणाले, ‘ही टी न्हवं. ए हाय.’

‘कशावरून?’

त्यांनी नखानं काचेच्या पुढं, बॉनेट जिथं संपतं तिथं, एक जागा दाखवली. तिथं एक बारीक गोल टोपण होतं. मी ते आजवर फोटोवरचा डाग समजत होतो.

‘पेट्रोलचं झाकण. ह्या गाडीची टाकी काचंच्या पुढंच, डॅशबोर्डाच्या मागं. टाकी वर, इंजिन खाली, पेट्रोल आपसूक उतरतंय, पंपाची भानगडच न्हाई. टीची टाकी बहुतेक शिटाखाली. ड्रायव्हरला उठवायचं, गादी उचलायची, मग पेट्रोल वतायचं.’ मग थोडं थांबून, ‘ह्यात काय, पेट्रोल गुडघ्यावर घिऊनच बसायचं. पन कुनी कुरकुर केल्याचं ऐकलं न्हाई.’

मॉडेल ए. टी बंद करून फोर्डनं डिसेंबर १९२७ मध्ये ती लोकांपुढं आणली आणि १९३१ पर्यंत काढली. टीचं इंजिन वीस अश्वशक्तीचं, हिचं चाळीस. ब्रेक चारी चाकांना. म्हणजे गाडी १९२८ च्या आधीची नाही, एवढं त्या एका टोपणानं सांगितलं. त्याच वेळच्या शेव्हरोलेही शिवडीच्या कारखान्यात जोडल्या जायच्या, १९२८ पासून, आणि लांबून दोन्ही गाड्या सारख्याच दिसतात. पण शेव्हरोलेला हे झाकण त्या जागी नाही.

आता चार वर्षांतलं कुठलं? इथं मी जरा हुशारी केली. वाचलं होतं की १९२८ आणि २९ च्या ए-ला एकवीस इंची चाकं, पुढच्या दोन वर्षांत एकोणीस इंची. टायरसकट धरलं तर पहिलं चाक तीस इंच उंच भरतं, दुसरं साडेअठ्ठावीस. फोटोतले इंच मोजता येत नाहीत, पण प्रमाण मोजता येतं. चाक तिरपं दिसत असलं तरी उभी उंची फारशी बदलत नाही. फूटपट्टी लावली. टायरची पूर्ण उंची सत्तावन्न मिलिमीटर, रिमची अडतीस. बरोबर दोन तृतीयांश. एकोणीसला साडेअठ्ठावीसनं भागलं तरी तेच येतं. एकवीस इंची असतं तर रिम चाळीस मिलिमीटर भरायला हवी होती. मी हे गणित मिस्त्रींना मोठ्या अभिमानानं दाखवलं.

‘दोन मिलिमीटरवर साल काढलंसा?’ ते म्हणाले. ‘रिमची कड कुठं संपती आणि रबर कुठं चालू हुतंय, ते ह्या धुरकट फोटूत कसं बघितलंसा? आणि चाकं काय कुनी बदलत न्हाई व्हय?’

खरं होतं. गाडीचा कुठलाही सुटा भाग नंतरचा असू शकतो. टायर, दिवे, भोंगा, टप, कशावरही विसंबू नये. विसंबायचं ते पत्र्याच्या अंगावर, कारण ते बदलायला लोहाराचं घर लागतं. त्यांनी पुन्हा नख ठेवलं. पहिल्या दोन वर्षांच्या गाड्यांत बॉनेट संपलं की पुढं पत्र्याला एक वळण, एक खांदा आहे. १९३० पासून रेडिएटर उंच झाला, बॉनेट त्याच्याबरोबर वर आलं आणि नाकापासून काचेपर्यंत एक सरळ रेघ झाली. आमच्या गाडीची रेघ सरळ होती. तात्यांच्या हातापासून बाईच्या खांद्यापर्यंत, ओळंबा आडवा धरावा तशी.

उरलं १९३० की ३१. त्यासाठी हार आडवा आला. ए-च्या रेडिएटरचं कवच चकचकीत पोलादाचं. १९३१ ला त्याच्या वरच्या आणि खालच्या अंगाला पत्रा आत दाबून तो भाग रंगवायला लागले. खालचा भाग झेंडूनं गिळला होता. वरचा कसाबसा दिसत होता, आणि तिथं चकाकत्या कडांच्या मध्ये एक काळी पट्टी होती. मी म्हटलं, सावली असेल. मिस्त्रींनी फोटो उजेडाकडं फिरवला. ‘सावलीला असं काटकोनी कोपरं असत्यात व्हय?’

१९३१.

तरी फोटो त्याच वर्षीचा असं काही ठरत नाही. गाडी फक्त अलीकडची हद्द सांगते, याच्या आधी नाही. जुनी गाडी घेऊन दहा वर्षांनीही फोटो काढता येतो. पलीकडची हद्द माणसं सांगतात, आणि आमच्यापुरती ती सोपी होती. तात्या १९३४ च्या उन्हाळ्यात अर्धांगवायूनं गेले. म्हणजे १९३१, ३२ किंवा ३३ चा दसरा. तीन दसऱ्यांतला एक.

एकच गोष्ट मिस्त्रींना बसत नव्हती. त्यांनी टपाखाली बोट दाखवलं. ‘स्टेरिंग डावीकडं कसं काय?’

आपल्याकडं फोर्ड यायची ती कॅनडातल्या कारखान्याची. ब्रिटिश साम्राज्यातला बहुतेक मुलूख त्या कंपनीच्या वाट्याला होता, १९२६ पासून मुंबईत तिचीच शाखा होती, आणि गाड्या उजव्या हाताच्या. डाव्या हाताची एखादी अमेरिकेतून कुणी आणलीही असेल, पण शाहूपुरीतल्या गुळाच्या अडत्यानं? जो अडत्या शेराला पैसा जास्त पडला म्हणून तंबाखू सोडतो, त्यानं? मिस्त्री म्हणाले, ‘ह्याचा छडा लावा. न्हाईतर गाडी दुसऱ्या कुनाची आसंल.’

हे मला पटलं सुद्धा. जुन्या फोटोत मोटारीशेजारी उभी असलेली अर्धी माणसं तरी दुसऱ्याच्याच मोटारीशेजारी उभी असतात. मी आठवडाभर कोल्हापुरात तेव्हा डाव्या हाताची गाडी कुणाकडं असेल याच विचारात होतो.

छडा बायकोनं लावला. ती चहा घेऊन आली, स्क्रीनवर मोठा केलेला फोटो बघत उभी राहिली आणि म्हणाली, ‘अहो, यांची नथ उजवीकडं का?’

‘असेल. काय फरक पडतो?’

‘असेल कशी? नथ डाव्या नाकपुडीत असते. आणि पदर बघा. उजव्या खांद्यावर आलाय. असा पदर कोण घेतं? तात्यांच्या कोटाची बटणं पण उलटी लागलीत, बायकांच्या ब्लाउजसारखी.’

मी दोन महिने चाकं, टाकी, पत्रा, रेघ मोजत होतो आणि ती दोन मिनिटं तिथं उभी होती.

फोटो उलटा छापलेला होता. पूर्वी काचेची निगेटिव्ह कागदावर टेकवून छापायचे. मसाल्याची बाजू कागदाकडं हवी. काच चुकून उलटी पडली तर डावं उजवं होतं, आणि काचेच्या जाडीएवढं अंतर पडल्यामुळं चित्रही जरा धुरकट येतं. मिस्त्री ज्याला धुरकट फोटू म्हणत होते तो यामुळं धुरकट होता. मी कॉम्प्युटरवर एक बटण दाबलं. स्टिअरिंग उजवीकडं गेलं. नथ डावीकडं, पदर डाव्या खांद्यावर, कोटाची बटणं पुरुषासारखी.

आणि तीळ डाव्या गालावर.

चहा तसाच राहिला. बायकोला तिळाची गोष्ट माहीत होती, तिनंही आत्याकडून ती शंभरदा ऐकलेली. ती काही बोलली नाही, फक्त खुर्ची ओढून शेजारी बसली. मी बटण पुन्हा दाबलं, पुन्हा दाबलं. उजवा, डावा. थोरली, धाकटी. तोंड तेच.

१९३१ नंतरचा फोटो, म्हणजे त्यात थोरली असूच शकत नाही, हे मला उद्यमनगरात कळायला हवं होतं. खरं सांगायचं तर कळलेलं होतं. पण मी ते गाडीच्या सालात गुंडाळून बाजूला ठेवलं होतं, जसं काही साल एकीकडं आणि माणसं एकीकडं. आता तसं करता येईना. ही मावशीआजी होती, पंचविशीतली, दसऱ्याला नटलेली. तात्या गेल्यावर तिची नथ डबीत गेली आणि कपाळ मोकळं झालं. घरातल्या कुणाही पोरानं तिला नथीत पाहिलेलं नव्हतं. मग ओळखणार कसं?

आणि फूटबोर्डावरचा पोऱ्या. त्याला आम्ही कधी पेढीवरचा पोऱ्या म्हणायचो, कधी कुणी तरी चुलतभाऊ. फोटो १९१७ चा धरला तर तो दुसरा कुणी असणंच भाग होतं, कारण अण्णा त्या वर्षी पाळण्यात. १९३१ साली अण्णा पंधरा वर्षांचे होते.

चौकट मी त्यानंतर उघडली, आधी उघडायला हवी होती. मागं पुठ्ठा आणि पुठ्ठ्याच्या आत, काच हलू नये म्हणून घातलेली वर्तमानपत्राची घडी. तारीख सप्टेंबर १९५७ च्या पहिल्या आठवड्यातली. मावशीआजी गेली ती त्याच वर्षी, श्रावणात. म्हणजे तिचे दिवस होताच अण्णा कुठल्या तरी स्टुडिओत गेले, जुनी प्लेट शोधायला लावली, नवी प्रत काढून घेतली, आणि पितृपंधरवड्याच्या तोंडावर ती भिंतीवर लावली. पोरांना सांगितलं, ही माझी आई. ते चौतीस वर्षं दर नवमीला खुर्चीवर चढून स्वतःच्या आणि तिच्या फोटोला फूल वाहत होते. विधवा होऊन गेलेल्या बाईला नवमी नसते.

आत्याला सांगायचं की नाही यावर घरात दोन मतं पडली. पुतण्याचं म्हणणं, सांगितलंच पाहिजे. बायकोचं म्हणणं, ब्याऐंशी वर्षांच्या बाईची आजी काढून घेऊन तुम्हाला काय मिळणार? मी दोन्ही प्रती छापून घेतल्या आणि नवमीच्या आदल्या दिवशी गेलो. सगळं सांगितलं नाही. नुसत्या दोन्ही प्रती तिच्यापुढं ठेवल्या.

तिनं आधी उलटी बघितली, मग सुलटी. मग आपल्याच डाव्या गालावर बोट ठेवलं.

‘आम्ही पोरी झोपताना इथं पापा घ्यायचो तिचा. तिळावर. जो आधी घेईल त्याला तिच्या कुशीत जागा.’

बराच वेळ गेला. मग म्हणाली, ‘थोरलीचा मग कुठला?’

‘नाही आत्या. तिचा फोटोच नसावा.’

‘आणि तिळाचं?’

मी काही बोललो नाही. थोरलीच्या गालावर तीळ होता, हे आम्हाला या उलट्या फोटोशिवाय दुसऱ्या कुणी सांगितलेलं नव्हतं.

मग मी तिला काचेच्या प्लेटचं सांगायला लागलो. स्टुडिओवाल्याची चूक, मसाल्याची बाजू, धुरकटपणा. तिनं मला मध्येच थांबवलं. ‘अण्णा कीर्दीत दोन पैशांचा फरक निघाला तर रात्री अकरापर्यंत उठायचे नाहीत. शिंप्यानं काज तिरकं केलं तर कोट परत पाठवायचे. त्यांना आपल्या मावशीची नथ कुठल्या बाजूला ते दिसलं नसेल होय?’

‘म्हणजे मुद्दाम?’

‘मी काय म्हटलं? मी एवढंच म्हटलं, परत पाठवला असता.’ तिनं सुलटी प्रत माझ्याकडं सरकवली. ‘ही तुझ्याकडं ठेव. माझ्या भिंतीवर आहे तोच राहू दे. आणि उद्या सकाळी ये, खुर्चीवर चढायला.’

सुलटी प्रत मी मिस्त्रींना दाखवायला नेली. त्यांनी चष्मा वर ढकलला, थेट टपाखाली बघितलं आणि समाधानानं मान हलवली. ‘आता कसं! बसलं जाग्यावर.’ मग त्यांनी तिची एक प्रत मागितली, वर्कशॉपमध्ये अंबाबाईशेजारी लावायला. एकच अट होती. ‘मानसं काढून नुसती गाडी मिळंल का? झाकणापास्नं फूटबोर्डापतुर स्वच्छ दिसाय पायजे.’

घरी येऊन प्रयत्न केला. तात्या सहज निघाले. बंपरपुढचं पोरही निघालं. फूटबोर्ड मोकळा होईना. पोऱ्याला काढला तर बाईचा हात बाही धरल्यासारखा हवेत राहायचा, आणि हात काढायला गेलं तर दार जायचं. शेवटी माणसांसकट दिली.